श्रेष्ठिवर्य कस्तुरभाई लालभाई : अखेरपर्यंत शिकत राहिलेला गिरणीमालक

जैन समाज प्राचीन काळापासून व्यापारउदिमात अग्रेसर राहिला आहे. सार्थवाहांच्या तांड्यांपासून आजच्या ऑनलाइन विक्रीपर्यंत व्यापाराची साधने कितीतरी वेळा बदलली. बैलगाडीच्या जागी आगगाडी आली, हुंडीच्या जागी धनादेश आला, चोपडीची जागा संगणकाने घेतली आणि आता तर गल्ल्यावर बसलेला लहान दुकानदारही मोबाइलवरून पैसे स्वीकारतो. असा बदल प्रत्येक वेळी काही पेढ्यांना वाढवून गेला आणि काहींना कायमचे कुलूप लावून गेला. दोन्ही प्रकारच्या पेढ्यांजवळ भांडवल होते, पत होती आणि अनुभवही होता. मग फरक कशामुळे पडला, हा प्रश्न प्रत्येक व्यापाऱ्याने स्वतःला विचारण्याजोगा आहे.

या प्रश्नाचे उत्तर ज्यांच्या चरित्रात स्पष्टपणे सापडते, असे एक थोर पुरुष म्हणजे अहमदाबादचे श्रेष्ठिवर्य कस्तुरभाई लालभाई. तीर्थक्षेत्रांच्या जीर्णोद्धारामुळे आणि आणंदजी कल्याणजी पेढीच्या प्रदीर्घ अध्यक्षपदामुळे त्यांचे नाव जैन समाजात घरोघरी पोहोचलेले आहे. परंतु ज्या गुणांच्या बळावर त्यांनी वस्त्रोद्योगात सहा दशकांहून अधिक काळ यंत्रे, कच्चा माल, बाजार आणि राज्यव्यवस्था यांतील सर्व स्थित्यंतरे पचविली, त्या गुणांची ओळख तितकीशी झालेली नाही. तो परिचय करून देणे हाच या लेखाचा हेतू आहे.

घराणे आणि काळ

कस्तुरभाईंचा जन्म १९ डिसेंबर १८९४ रोजी अहमदाबाद येथे झाला. सतराव्या शतकात मोगल दरबारी मान मिळविलेले जवाहिरे नगरशेठ शांतिदास झवेरी यांच्या वंशपरंपरेतील हे घराणे. जवाहिरांचा आणि सराफीचा व्यवसाय पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला. वडील लालभाई दलपतभाई हे ब्रिटिश सरकारकडून सरदार हा किताब मिळालेले, धर्मकार्यात अग्रभागी असलेले गृहस्थ होते. मातोश्री मोहिनाबा कर्तव्यकठोर आणि धर्मपरायण होत्या.

ज्या शहरात कस्तुरभाई वाढले, ते शहर त्या वेळी झपाट्याने बदलत होते. ३० मे १८६१ रोजी रणछोडलाल छोटालाल यांची अहमदाबादमधील पहिली कापड गिरणी सुरू झाली, तेव्हा तिच्यात केवळ २,५०० चात्या होत्या. पुढच्या चाळीस वर्षांत शहराच्या भोवती धुराड्यांची रांग उभी राहिली. सराफी आणि जवाहिरांत गुंतलेले भांडवल गिरण्यांकडे वळले. कस्तुरभाईंच्या घराण्यानेही एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सरसपूर गिरणी आणि त्यानंतर स्वदेशीच्या चळवळीच्या काळात रायपूर गिरणी काढली. म्हणजे वंशपरंपरागत धंदा सोडून यंत्राच्या धंद्यात पाऊल टाकण्याचे धाडस या घराण्याने कस्तुरभाईंच्या आधीच केले होते. ते धाडस टिकवून वाढविण्याची जबाबदारी मात्र त्यांच्यावर अगदी कोवळ्या वयात येऊन पडली.

हजेरीच्या टेबलापासून आरंभ

कुटुंबाच्या मालमत्तेची वाटणी होऊन लालभाईंच्या वाट्याला रायपूर गिरणी आली आणि त्यानंतर थोड्याच काळात, १९१२ साली, लालभाईंचे निधन झाले. कस्तुरभाई त्या वेळी अवघ्या सतरा वर्षांचे होते आणि गुजरात कॉलेजात नुकतेच दाखल झाले होते. घरातील परिस्थिती पाहता शिक्षण सोडून वडील बंधू चिमणभाईंच्या मदतीला गिरणीत जाण्यावाचून गत्यंतर उरले नाही. पदवी मिळविण्याची संधी कायमची हुकली.

मालकाच्या मुलाने गिरणीत जावे आणि कचेरीत खुर्चीवर बसावे, हा त्या काळचा रिवाज. कस्तुरभाईंनी मात्र आरंभी कामगारांच्या हजेरीची नोंद ठेवण्याचे काम केले. गिरणी सकाळी कशी सुरू होते, कोण केव्हा येतो, कोणत्या खात्यात माणसे कमी पडतात, यंत्र बंद पडले की कोणाकडे धाव घेतली जाते, या गोष्टी हजेरीच्या टेबलाजवळ जितक्या कळतात तितक्या ताळेबंदावरून कळत नाहीत. कॉलेजचे शिक्षण सुटले, पण शिकणे सुटले नाही, असेच म्हणावे लागेल.

कापसाची पारख

त्यानंतर त्यांनी कापूस खरेदीचे काम स्वतःकडे घेतले. कापड धंद्यातील जाणत्यांना हे ठाऊक आहे की गिरणीच्या एकूण खर्चात कापसाचा वाटा सर्वांत मोठा असतो आणि सुताचा दर्जाही तिथेच ठरतो. धाग्याची लांबी, बळ, परिपक्वता, ओलावा, सरकी काढताना राहिलेला कचरा या सर्वांची पारख हाताला आणि डोळ्याला असावी लागते. लांबी कमी असेल तर बारीक सूत निघतच नाही आणि ओढूनताणून काढले तर चातीवर वारंवार तुटते. सूत तुटले की कामगाराचा वेळ जातो, यंत्राचा वेळ जातो आणि कापडात गाठी राहतात.

कस्तुरभाई ही पारख दलालांवर सोपवून स्वस्थ बसले नाहीत. कापूस पिकविणाऱ्या प्रदेशांत ते स्वतः हिंडले. निरनिराळ्या जातींचा कापूस हाताळला, बाजारांच्या रीती समजून घेतल्या आणि चांगल्यावाईट मालाचा विवेक करण्याइतके ज्ञान त्यांनी थोड्याच वर्षांत संपादन केले. पहिल्या महायुद्धाच्या काळात परदेशी कापडाची आवक घटली आणि देशी गिरण्यांना मागणी आली. त्या संधीचा लाभ रायपूर गिरणीला झाला, याचे बरेचसे श्रेय या पूर्वतयारीकडे जाते. युद्धानंतर लवकरच त्यांनी अशोक गिरणीची उभारणी केली. पुढील वर्षांत बंधू, आप्त व स्नेही यांच्या सहकार्याने समूहात आणखी गिरण्यांची भर पडत गेली.

नवे यंत्र हे जुन्या ज्ञानाला निरुपयोगी करते, असा एक समज आहे. तो अर्धाच खरा आहे. यंत्र जितके अचूक, तितकी कच्च्या मालातील उणीव अधिक उघडी पडते. म्हणूनच कापसाची पारख असलेला माणूस पुढे नव्या यंत्राचाही चांगला परीक्षक ठरला.

मंदीच्या काळातील निर्णय

धंद्याची सूत्रे हाती असतानाच कस्तुरभाई सार्वजनिक कार्यातही उतरले. १९१८ च्या दुष्काळात त्यांनी मदतकार्यात भाग घेतला आणि त्या काळात महात्मा गांधी व सरदार वल्लभभाई पटेल यांच्याशी त्यांचा निकटचा संबंध आला. १९२३ साली ते मध्यवर्ती विधिमंडळात निवडून गेले. भारतीय गिरण्यांच्या कापडावर १८९६ पासून साडेतीन टक्के अबकारी कर होता. हा कर रद्द व्हावा यासाठी जे प्रयत्न झाले, त्यांत त्यांचा वाटा महत्त्वाचा होता. १९२५ च्या अखेरीस कराची वसुली थांबली आणि पुढील वर्षी तो कर रद्द झाला. १९२९ मध्ये जिनिव्हा येथील आंतरराष्ट्रीय मजूर परिषदेला ते भारतीय मालकवर्गाचे प्रतिनिधी म्हणून उपस्थित राहिले. या सर्व कार्यामुळे जगातील वस्त्रोद्योग कोणत्या दिशेने चालला आहे, हे त्यांना जवळून पाहता आले.

त्या वेळी देशी गिरण्या बहुतांशी जाडेभरडे कापड विणत. तलम धोतरे, साड्या, मलमल हा माल मँचेस्टरहून येई. स्वदेशीच्या आंदोलनाने परदेशी कापडावर बहिष्कार पडला. परंतु ज्या ग्राहकाला तलम वस्त्राची सवय लागली होती, त्याला केवळ देशभक्तीच्या आधारावर फार काळ जाडे कापड वापरायला लावणे शक्य नव्हते. विदेशी मालाच्या तोडीचा माल देशात तयार व्हायला हवा, हे कस्तुरभाईंनी ओळखले.

याच विचारातून १९३१ साली त्यांनी बंधू चिमणभाई व नरोत्तमभाई यांच्यासह अरविंद मिल्सची स्थापना केली. जगभर मंदी पसरलेली असताना, अनेक कारखानदार हात आखडून बसले असताना हा निर्णय झाला. सव्वापंचवीस लाख रुपयांच्या भागभांडवलावर उभ्या राहिलेल्या या गिरणीत ५२,५६० चात्या, दुहेरी पिळाचे सूत काढणाऱ्या २,५५२ चात्या आणि १,१२२ माग होते. याहून विशेष गोष्ट अशी की कांतण आणि विणाई यांच्या जोडीला धुलाई, रंगाई, मर्सराइझिंग आणि अंतिम संस्कार ही सर्व खाती आरंभापासूनच एका छत्राखाली आणण्यात आली. त्या काळी अशी सर्वांगपूर्ण गिरणी क्वचितच निघे.

तलम कापड विणण्यासाठी केवळ नवी यंत्रे आणून भागत नाही. त्यासाठी लांब धाग्याचा कापूस लागतो, आणि तो त्या वेळी इजिप्त, सुदान, पूर्व आफ्रिका येथून आणावा लागे. अहमदाबादची हवा कोरडी, त्यामुळे बारीक सूत तुटू नये म्हणून खात्यात हवेतील ओलावा कृत्रिम रीतीने राखावा लागे. जाड सुतावर हात बसलेल्या कामगारांना बारीक सुताची सवय लावावी लागे. विक्रेत्यांना नव्या ग्राहकवर्गाची भाषा शिकावी लागे. यंत्राची किंमत पावतीवर लिहिलेली असते, परंतु यंत्राभोवतीच्या माणसांना तयार करण्याचा खर्च कुठल्याच पावतीवर नसतो. कस्तुरभाईंनी हा दुसरा खर्चही आधीच हिशेबात धरला होता. १९३४ मध्ये, म्हणजे स्थापनेनंतर तीनच वर्षांत, गिरणीची विक्री सुमारे पंचेचाळीस लाखांवर आणि नफा २ लाख ८२ हजारांपर्यंत पोहोचला.

यंत्र आणि मजूर

नव्या यंत्राचा प्रश्न निघाला की कामगाराच्या पोटाचा प्रश्न त्याच्या पाठोपाठ येतो. एक माणूस आता दोन माणसांचे यंत्र सांभाळणार असेल, तर दुसऱ्याने जायचे कुठे, हा प्रश्न तेव्हाही होता आणि आजही आहे. अहमदाबादने या बाबतीत देशाला एक निराळी वाट दाखविली. १९१८ च्या लढ्यानंतर महात्मा गांधींच्या प्रेरणेने मजूर महाजन ही संघटना उभी राहिली आणि मालक व मजूर यांच्यातील तंटे लवादाकडे नेण्याची प्रथा रूढ झाली. यांत्रिक सुधारणा करताना चालू कामगारांवर बेकारीची पाळी येऊ नये, हे तत्त्व १९३५ साली गिरणीमालक मंडळ आणि मजूर महाजन यांच्यातील करारात मान्य करण्यात आले.

लवादाच्या कामात कस्तुरभाई मालकांच्या बाजूचे प्रतिनिधी असत. १९३६-३७ च्या वेतनकपातीच्या वादात एका बाजूला स्वतः गांधीजी आणि दुसऱ्या बाजूला कस्तुरभाई असे लवाद होते. दोघांचे मत जुळले नाही, तेव्हा प्रकरण सरपंचाकडे गेले आणि मालकांची मागणी मान्य झाली नाही. कस्तुरभाई मालकांचा पक्ष आग्रहाने मांडणारे होते, हे येथे प्रांजळपणे नमूद केले पाहिजे. परंतु मतभेद झाला तरी गांधीजींविषयीचा आदर आणि परस्परांवरील विश्वास यांत अंतर पडले नाही. आपल्या मताहून वेगळ्या मतातही सत्याचा अंश असू शकतो, ही अनेकान्ताची शिकवण व्यवहारात कशी दिसते, याचे हे एक उदाहरण होय. ज्या गिरणीत बोलाचाली चालू राहते, तिथे यंत्र बदलणे सोपे जाते, हे त्या शहराने अनुभवाने जाणले होते.

रंगासाठी परावलंबन : अतुलची उभारणी

कापड कितीही तलम असले तरी रंगावाचून त्याला बाजार नसतो. कृत्रिम रंगांची विद्या त्या काळी मुख्यतः जर्मनी, ब्रिटन आणि स्वित्झर्लंड येथील कंपन्यांच्या हाती होती. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीचा माल बंद झाला आणि रंगांवाचून भारतीय गिरण्यांची कोंडी झाली. ज्या मालावर आपला धंदा अवलंबून आहे, तो माल बनविण्याची विद्या आपल्या देशात नाही, ही जाणीव अनेकांना झाली. कस्तुरभाईंनी त्या जाणिवेचे रूपांतर कृतीत केले. कापडाला लागणाऱ्या खळीसाठीही त्यांच्या समूहाने स्वतंत्र स्टार्च कारखाना उभारला होता. आता पाळी रंगांची होती.

रसायनशास्त्र हे कापडाच्या धंद्याहून सर्वस्वी वेगळे क्षेत्र. कस्तुरभाईंना त्याचे शिक्षण नव्हते आणि ते जाणत असल्याचा आव त्यांनी कधी आणला नाही. त्यांनी अमेरिकेतील सायनामिड या कंपनीशी सहकार्याचा करार केला. देशातील शिकलेल्या तंत्रज्ञांना हाताशी धरले आणि स्वातंत्र्य मिळाल्यानंतर काही आठवड्यांतच, सप्टेंबर १९४७ मध्ये, अतुल या कंपनीची स्थापना झाली. वलसाडजवळ पार नदीच्या काठी, मागासलेल्या आदिवासी भागात कारखाना आणि वसाहत उभी राहिली. १९५२ साली पंतप्रधान पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. पुढे ब्रिटनची आय.सी.आय. आणि स्वित्झर्लंडची सिबा यांच्याशीही भागीदारी झाली आणि पूर्वी परदेशातून येणारे कितीतरी रंग येथे तयार होऊ लागले.

या ठिकाणी एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. अतुलचा आरंभ झाला तेव्हा कस्तुरभाई बावन्न वर्षे पूर्ण केलेले, यशस्वी आणि सर्वमान्य गिरणीमालक होते. या वयात बहुतेक माणसे मिळविलेले सांभाळण्याच्या विचारात असतात. स्वतःला अपरिचित असलेल्या विद्येसाठी तरुण तज्ज्ञांपुढे विद्यार्थ्याप्रमाणे बसण्याची तयारी त्या वयात दाखविणे, हे भांडवल गुंतविण्यापेक्षा अवघड आहे. त्यासाठी मानकषाय बाजूला ठेवावा लागतो.

प्रतिस्पर्ध्यांसाठीही प्रयोगशाळा

१९४७ सालीच अहमदाबादमध्ये वस्त्रोद्योगाच्या संशोधनासाठी अटिरा ही संस्था स्थापन झाली. तिच्या स्थापनेत कस्तुरभाईंचा पुढाकार होता. संचालकपदाची मानद जबाबदारी डॉ. विक्रम साराभाई या अठ्ठावीस वर्षांच्या भौतिकशास्त्रज्ञाकडे सोपविण्यात आली. विक्रमभाईंनी जे तरुण शास्त्रज्ञ गोळा केले, त्यांतील बहुतेकांना गिरणीचा अनुभव नव्हता. वर्षानुवर्षे यंत्रांजवळ उभ्या राहिलेल्या अनुभवी अधिकाऱ्यांना ही पोरे काय शिकविणार, असे वाटणे स्वाभाविक होते.

परंतु सूत किती वेळा तुटते, का तुटते, हवेतील ओलाव्याचा त्याच्याशी काय संबंध, एका चातीवरचे सूत आणि दुसऱ्या चातीवरचे सूत यांत किती फरक पडतो, याची मोजदाद सुरू झाली तेव्हा अंदाजाने चालणाऱ्या अनेक गोष्टींना आकड्यांचा आधार मिळाला. संख्याशास्त्राच्या साहाय्याने दर्जा राखण्याची पद्धत गिरण्यांत रुजविण्यात अटिराचा मोठा वाटा आहे. तसेच १९४९ पासून डॉ. कमला चौधरी यांच्या मार्गदर्शनाखाली तेथे मानसशास्त्राचा विभागही सुरू झाला. नवे तंत्र आले की माणसे ते का नाकारतात, मुकादम आणि कामगार यांचे नाते उत्पादनावर कसा परिणाम करते, याचाही अभ्यास व्हायला हवा, हा विचार त्या काळाच्या पुष्कळ पुढचा होता.

अटिरा ही एका गिरणीची प्रयोगशाळा नव्हती. एकमेकांशी बाजारात स्पर्धा करणाऱ्या गिरण्यांनी मिळून ती चालविली होती. अहमदाबादच्या जुन्या महाजन परंपरेत व्यापारी आपापला धंदा स्वतंत्रपणे करीत, परंतु सर्वांच्या हिताच्या गोष्टी एकत्र येऊन करीत. तीच परंपरा येथे नव्या रूपात प्रकट झाली. ज्ञान दुसऱ्याला दिल्याने आपले कमी होत नाही, हा ज्ञानदानाचा संस्कार ज्या समाजावर झालेला आहे, त्याला ही गोष्ट परकी वाटण्याचे कारण नाही.

माणसे घडविण्याचे कार्य

स्वतः पदवी घेऊ न शकलेल्या या गृहस्थाने दुसऱ्यांच्या शिक्षणासाठी जे केले, ते थक्क करणारे आहे. १९३५-३६ च्या सुमारास गणेश वासुदेव मावळणकर, अमृतलाल हरगोवनदास यांच्यासह त्यांनी अहमदाबाद एज्युकेशन सोसायटीची उभारणी केली. त्या संस्थेच्या आश्रयाने वाणिज्य, विज्ञान, कला, औषधनिर्माण अशा अनेक शाखांची महाविद्यालये निघाली. १९४८ साली वडिलांच्या नावाने अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू व्हावे म्हणून त्यांनी पंचवीस लाख रुपये आणि विस्तीर्ण जमीन दिली. १९६१ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय प्रबंध संस्थेच्या उभारणीत विक्रम साराभाईंच्या बरोबरीने कस्तुरभाईंचे परिश्रम होते. घरच्या पेढीवर पिढीजात मिळणारे शिक्षण आता पुरेसे पडणार नाही, हे एका पिढीजात पेढीच्या वारसानेच ओळखावे, यात त्यांची दूरदृष्टी दिसते. आपल्या दोन्ही पुत्रांना त्यांनी उच्च शिक्षणासाठी अमेरिकेला पाठविले.

राष्ट्रीय जीवनातही त्यांच्या अनुभवाचा उपयोग झाला. १९३७ ते १९४९ या काळात ते रिझर्व्ह बँकेचे संचालक होते. फाळणीमुळे कराची बंदर गेले, तेव्हा पश्चिम किनाऱ्यावर नवे मोठे बंदर कोठे असावे हे ठरविणाऱ्या समितीचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले आणि कांडला बंदराची निवड झाली. १९६९ मध्ये भारत सरकारने त्यांना पद्मभूषण देऊन गौरविले.

जुन्याचे जतन

जो माणूस नव्या यंत्रांच्या मागे एवढा लागला, तो जुन्याविषयी उदासीन असेल असे कोणासही वाटावे. वस्तुस्थिती उलट आहे. सुमारे पन्नास वर्षे त्यांनी शेठ आणंदजी कल्याणजी पेढीचे नेतृत्व केले. शत्रुंजयाच्या यात्राकराचा वाद १९२६ मध्ये पेटला, तेव्हा समाजाने दोन वर्षे यात्रा बंद ठेवली आणि १९२८ मध्ये वार्षिक साठ हजार रुपयांवर तडजोड झाली. त्या कठीण काळात पेढीची धुरा त्यांच्या खांद्यावर होती.

राणकपूर, दिलवाडा, तारंगा, शत्रुंजय या तीर्थांच्या जीर्णोद्धारात त्यांनी जी दृष्टी ठेवली ती अभ्यासनीय आहे. मूळच्या जातीचा दगड मिळवावा, परंपरागत सोमपुरा शिल्पींकडूनच काम करवावे, आणि जुने कोणते व नवे कोणते हे ओळखू येणार नाही इतके ते एकरूप व्हावे, यावर त्यांचा कटाक्ष असे. शत्रुंजयावरील मुख्य मंदिरावर काळाच्या ओघात चढलेले चुन्याचे थर काढून खालचे मूळ कोरीवकाम उघडे करण्यात आले. या कामांमुळे शिल्पींच्या एका संपूर्ण पिढीला काम मिळाले आणि लोप पावत चाललेली विद्या जिवंत राहिली. मुनिश्री पुण्यविजयजींनी जतन केलेल्या हजारो हस्तलिखितांसाठी त्यांनी लालभाई दलपतभाई भारतीय संस्कृति विद्यामंदिर स्थापन केले. प्राचीन पोथ्यांसाठी उभारलेली ही इमारत मात्र बाळकृष्ण दोशी या पुण्यात जन्मलेल्या तरुण वास्तुशिल्पकाराने अगदी आधुनिक पद्धतीने रचली.

गिरणीत जुना माग मोडीत काढणारे कस्तुरभाई मंदिरातील जुना स्तंभ मात्र प्राणपणाने जपतात, यात विसंगती नाही. माग हे साधन आहे. कापड चांगले व स्वस्त निघावे हा त्याचा हेतू, आणि तो हेतू दुसऱ्या मागाने अधिक चांगला साधत असेल तर पहिल्याचा मोह धरण्यात अर्थ नाही. मंदिर हे श्रद्धेचे आणि कलेचे निधान आहे. त्याची जागा दुसरे काही घेऊ शकत नाही. काय बदलायचे आणि काय जपायचे, हा विवेक ज्याच्याजवळ आहे त्याला बदलाचे भय उरत नाही.

अखेर आणि नंतर

२० जानेवारी १९८० रोजी कस्तुरभाईंचे देहावसान झाले. त्यानंतरच्या दशकात अहमदाबादच्या गिरण्यांवर मोठे संकट कोसळले. यंत्रमागांचा स्वस्त माल, कृत्रिम धाग्याच्या कापडाची वाढती आवड आणि जुनाट झालेली यंत्रसामग्री यांमुळे एकामागून एक गिरण्या बंद पडल्या आणि हजारो कुटुंबांची चूल विझली. ज्यांनी चांगल्या वर्षांतील नफा यंत्रांत आणि माणसांत पुन्हा घातला नव्हता, त्यांना वाईट वर्षांत तो कोठूनही उभा करता आला नाही. कस्तुरभाईंच्या समूहातील सर्वच गिरण्या वाचल्या असेही नाही. परंतु अरविंदने १९८७ मध्ये डेनिम कापडाकडे मोर्चा वळविला आणि जगाच्या बाजारपेठेत स्थान मिळविले. तलम धोतर-साडीसाठी जन्मलेली गिरणी जीन्सच्या जाड कापडावर उभी राहिली. माल पूर्ण बदलला होता, परंतु मंदीच्या तोंडावर ग्राहकाची बदलती गरज ओळखून नवी विद्या शिकण्याची १९३१ सालची सवय तीच होती.

आज व्यापार पुन्हा एका मोठ्या वळणावर उभा आहे. हिशेब संगणक करतो, ग्राहक मोबाइलवर माल पाहतो, आणि कृत्रिम बुद्धिमत्ता पत्रे लिहून देऊ लागली आहे. पिढीजात दुकानांतील वडीलधाऱ्यांच्या मनात धास्ती आहे आणि तरुणांच्या मनात घाई आहे. कस्तुरभाईंचे जीवन या दोघांनाही काही सांगते. धास्तावलेल्यांना ते सांगते की कापसाची पारख, शब्दाची पत आणि माणसांची जाण ही पुंजी कोणतेही यंत्र हिरावून घेत नाही, मात्र बावन्नाव्या वर्षीही शिकायला बसावे लागते. घाई झालेल्यांना ते सांगते की यंत्र विकत घेण्याआधी हजेरीच्या टेबलापासून धंदा समजून घ्यावा, यंत्राबरोबर माणसेही तयार करावीत, आणि ज्याला आपण ओलांडून जाणार आहोत त्या कामगाराची वाट काय होईल याचा विचार करूनच पुढचे पाऊल टाकावे.

आपल्या शास्त्रांनी स्वाध्यायाला आभ्यंतर तपात स्थान दिले आहे. तो स्वाध्याय आत्मकल्याणासाठी आहे हे खरे, परंतु रोज थोडे शिकण्याची, स्वतःला तपासण्याची जी शिस्त त्यातून लागते, ती दुकानाच्या उंबरठ्यावर सोडून देण्याचे कारण नाही. कस्तुरभाईंनी ती सोडली नाही. म्हणूनच गिरणी आणि तीर्थ या दोन्ही ठिकाणी त्यांचे कार्य दीर्घकाळ टिकून राहिले.

संस्थेच्या सुवर्णमहोत्सवाच्या मंगल प्रसंगी या श्रेष्ठिवर्यांच्या पुण्यस्मृतीस विनम्र अभिवादन.